वज्रराजाची खंडेनवमी

जावयाला दिवाळसणाला काय द्यायचं, हा प्रश्न निवृत्तीराव पेखळ्यांच्या वाट्याला यायलाच नको होता. तो छायाबाईंचा प्रश्न होता. कोणाला काय द्यायचं हे छायाबाई ठरवायच्या आणि निवृत्तीराव पिशवी धरायचे. चौतीस वर्षं त्यांनी पिशवी धरली आणि त्या कामात एकदाही चूक केली नाही.

दीड वर्षापूर्वी छायाबाई गेल्या. या वैशाखात तृप्तीचं, एकुलत्या एका लेकीचं लग्न झालं. लग्नात निवृत्तीराव पाण्याचा जग घेऊन पंगतीतून फिरत होते, तेव्हा जावयाची एक आत्या शेजारणीला म्हणाली, "पोरगी गुणाची आहे हो. पण आई नाही म्हटल्यावर कसलं माहेर? बाप्या माणूस काय करणार?" एवढं बोलून आत्याबाईंनी ग्लास पुढे केला. निवृत्तीरावांनी तो भरला. हात हलला नाही, एक थेंब सांडला नाही. ओझरच्या विमान कारखान्यात सदतीस वर्षं फिटर म्हणून काढल्यावर हात हलत नाही. पण त्या दिवशी त्यांनी मनात पक्कं केलं, की तृप्तीचा पहिला दिवाळसण असा करायचा की आत्याबाईंनी चिंचवडात बसून ऐकावं.

त्यांनी लेकीला फोन केला. "जावईबापूंच्या बोटाचं माप पाठव. अंगठी करायची आहे."

"बाबा, अंगठी नको. साईला सोन्यातलं काही कळत नाही. कुठेतरी विसरून येईल."

"मग त्यांना कशातलं कळतं?"

तृप्ती म्हणाली, "रोबोतलं."

निवृत्तीरावांना आनंद झाला. जावई इंजिनियर, तेव्हा रोबो म्हणजे कारखान्यातला वेल्डिंगचा रोबो असणार. पण तृप्तीने सांगितलं ते ऐकून ते खुर्चीत बसले. साई लहान असताना 'वज्रदल' नावाची खेळणी मिळायची. ट्रक असायचा, दुमडून फिरवला की त्याचा रोबो व्हायचा. विमान असायचं, त्याचाही रोबो व्हायचा. ती खेळणी बंद होऊन जमाना झाला, पण साई अजून ती जमवत होता. आणि तो एकटाच नव्हे. त्याची थोरली बहीण भाग्यश्री, दातांची डॉक्टर, तीही जमवत होती. पाडव्याला ती पण येणार होती.

"तृप्ते," निवृत्तीराव हळू आवाजात म्हणाले, "हे आम्हाला बघायच्या कार्यक्रमात कोणी सांगितलं नव्हतं."

"बाबा, दारू पितात का विचारलंत, तंबाखू खातात का विचारलंत. रोबो आहेत का, हे तुम्ही विचारलं नाहीत."

हे खरं होतं. छायाबाईंनी विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी निवृत्तीराव रविवार कारंजावर काळूच्या खेळण्यांच्या दुकानात गेले.

"रोबो पाहिजे," ते म्हणाले.

"बाळ केवढंय?" काळूने विचारलं.

"पस्तीस."

"महिन्यांचं?"

काळूने एक रोबो काउंटरवर ठेवून बटण दाबलं. रोबोच्या पोटात लाल-हिरवे दिवे लागले, तो हिंदी गाणं म्हणत नाचायला लागला आणि नाचत नाचत काउंटरवरून खाली पडला. पडल्यावरही गाणं चालूच होतं. "दणकट माल आहे काका," काळू म्हणाला.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या ललिताबाई धावून आल्या. त्या शाळेत शिकवतात आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे फोन चालवतात. त्यांनी निवृत्तीरावांच्या हातातला फोन घेतला, बरंच खालीवर केलं, आणि कोल्हापूरचा एक विकणारा शोधून काढला. त्याच्याकडे वज्रदलातले दोन रोबो होते. ट्रकचा होतो तो वज्रराज आणि विमानाचा होतो तो गगनवीर. तीस वर्षांपूर्वीचे, खोक्यासकट, सीलबंद. किंमत ऐकून निवृत्तीराव म्हणाले, "खरा ट्रक देतात का?" पण आत्याबाईंचा चेहरा आठवून त्यांनी मान हलवली. ललिताबाईंनी बटण दाबलं.

फोन छायाबाईंचा होता, ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. स्वतःचा फोन बिघडल्यापासून निवृत्तीराव तोच वापरत होते. त्यावरचं खातंही छायाबाईंचंच होतं. त्यावरून त्यांनी एकदा स्टीलचे डबे मागवले होते.

पार्सल आलं त्या दिवशी निवृत्तीराव दवाखान्यात गेले होते. घरी आले तर दाराला चिठ्ठी. अंबडच्या कुरियर ऑफिसातून घेऊन जावे. ते गेले. काउंटरवर संजना नावाची मुलगी होती. नाव गळ्यातल्या कार्डावर होतं.

"पार्सल छाया पेखळेंच्या नावाने आहे," ती म्हणाली. "त्यांनाच यावं लागेल."

"मी त्यांचा नवरा."

"ते ठीक आहे काका, पण मागवणाऱ्यानेच घ्यायचं, असा नियम आहे. त्यांना पाठवा."

"पाठवता येत नाही."

"बाहेरगावी आहेत का?"

"तसंच म्हणा," ते म्हणाले.

"मग व्हिडिओ कॉल लावा ना. आपल्याला चालतो."

निवृत्तीरावांनी खिशातून एक कागद काढला. तो लॅमिनेट केलेला होता. दीड वर्षात गॅस, बँक, रेशन, वीज, पेन्शन, इतक्या खिडक्यांवर तो दाखवावा लागला होता, की साधा कागद टिकला नसता. संजनाने तो वाचला. पुन्हा वाचला. "सॉरी काका," ती म्हणाली आणि तिने कॉम्प्युटरकडे बघितलं. मग तिचा चेहरा आणखी उतरला.

"आता काय?"

"काका, पार्सल मी देते. पण दारात का दिलं नाही, त्याचं कारण भरल्याशिवाय हे पुढे जात नाही. आणि कारणं तीनच आहेत. पत्ता चुकीचा. दार बंद. ग्राहकाने घ्यायला नकार दिला."

निवृत्तीरावांनी विचार केला. पत्ता बरोबर होता. आणि छायाबाईंनी आयुष्यात कधी दारात आलेली वस्तू नाकारली नव्हती.

"दार बंद टाका," ते म्हणाले.

संजनाने टाकलं. मग ती काउंटरच्या बाहेर येऊन ते खोकं स्वतः रिक्षापर्यंत घेऊन आली. रिक्षात बसल्यावर निवृत्तीरावांनी खोक्यावरचं नाव एकदा वाचलं आणि पंचवटीला चला म्हणून सांगितलं.

पंचवटीत, त्यांच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर गोटीराम राहतात. आडगावला त्यांची झेंडूची शेती आहे आणि प्रत्येक गोष्टीवर मत आहे. पार्सल जिन्यापर्यंत पोचायच्या आत गोटीराम हजर होते.

"तीस वर्षं जुना माल?" ते म्हणाले. "मंग तो चालतो का नाय ते बघितलं का? जावयाच्या हातात दिला आन् तंगडी गळून पडली, तर लय शोभा हुईल."

निवृत्तीरावांनी लगेच धम्मपालला फोन केला. धम्मपाल त्यांचा कारखान्यातला दोस्त, तपासणी विभागातला. त्याने हात लावून बरोबर म्हटल्याशिवाय एकही भाग पुढे गेला नव्हता. धम्मपाल अर्ध्या तासात आला, डोळ्याला भिंग लावून.

"सील आहे," तो म्हणाला.

"म्हणजे चांगलंच ना? कोणी आतले भाग काढून घेतलेले नाहीत."

"सील कशासाठी असतं? मालक येईपर्यंत कोणी उघडू नये म्हणून. मालक आला. उघड."

दोघांना हे इतकं सरळ वाटलं, की त्यांनी आणखी कोणाला विचारलंच नाही. पुठ्ठा जुना होता, फाटला. आतलं प्लास्टिक पिवळं पडलं होतं, ते केरात गेलं. वज्रराज आणि गगनवीर टेबलावर आले.

दोघांचे सांधे आखडले होते. तीस वर्षं एका जागी उभं राहिल्यावर कोणाचेही आखडतील. निवृत्तीरावांनी दोन्ही रोबो स्क्रूपासून खोलले, प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर मांडला, पुसला, शिलाई मशीनचं तेल दिलं आणि परत जोडले. अठरा महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. चहा दोनदा झाला. गगनवीराची चाकं पोटात जातात ती उलटी जातात, अशा विमानाला आपण उडायची परवानगी दिली नसती, असं धम्मपालने स्पष्ट सांगितलं.

आणि मग वर्तमानपत्रावर एक स्क्रू उरला.

बाहेरच्या माणसाला यात काय विशेष, असं वाटेल. विमानाच्या कारखान्यात एक स्क्रू उरला, तर तो कुठला हे सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. दोघांनी दोन्ही रोबो पुन्हा खोलले. पुन्हा जोडले. स्क्रू उरला. तिसऱ्यांदा खोलले. शेवटी टेबलावर वाकून बघत बसलेले गोटीराम म्हणाले, "माझ्या चष्म्याची काडी हलायला लागली रे," तेव्हा तपास संपला.

चार दिवसांनी खंडेनवमी आली. कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही निवृत्तीराव दर वर्षी आपले पाने, पक्कड, हातोडी, मापं पाटावर मांडतात. पूजा छायाबाई करायच्या. गेल्या वर्षी सुतकाचं वर्ष म्हणून काही झालं नाही. या वर्षी पहिल्यांदाच त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा आला. स्वयंपाकाला येणाऱ्या कलाबाईंनी पाट पुसून दिला, गोटीरामांनी झेंडू दिला.

कलाबाईंची नजर टेबलाकडे गेली. "ते दोघं यंत्रच ना?"

"हो."

"मग त्यांना वगळता होय? जावयाच्या घरी जायचेत. बाई असत्या तर त्यांनी वगळलं असतं?"

बाई असत्या तर, हे म्हटल्यावर निवृत्तीरावांचं काही चालत नाही. वज्रराज आणि गगनवीर पाटावर, पान्यांच्या शेजारी उभे राहिले. निवृत्तीरावांनी हळद कालवली. छायाबाई करंगळीच्या टोकाने बोट लावायच्या. निवृत्तीरावांना ते आठवलं नाही, त्यांनी अंगठा वापरला. वज्रराजाची छाती पांढरी होती, त्यावर चांगलं रुपयाएवढं हळदीचं बोट उठलं, त्यावर कुंकू. गगनवीराच्या दोन्ही पंखांना लावलं. निरांजन ओवाळलं. त्यांनी फोटो काढला आणि तृप्तीला पाठवला नाही, कारण सगळं तिला पाडव्यालाच कळायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "बाबा, ललितामावशींनी सांगितलं, तुम्हाला वज्रराज मिळाला म्हणून! सीलबंद! मी साईला म्हटलं नाही, पण तो भाग्यश्रीताईंना सांगत होता, आता जगात न उघडलेले मोजकेच राहिलेत. त्याने आयुष्यात एकही सीलबंद बघितलेला नाही. बाबा, तुम्ही तो कपाटात वर ठेवा हं. सूर्यप्रकाश लागायला नको. पुठ्ठ्याला कोपरा मुडपला तरी या लोकांना ताप येतो."

निवृत्तीरावांनी पाटाकडे बघितलं. वज्रराज झेंडूचा हार घालून उभा होता.

"बाबा? ऐकताय ना?"

"हो."

"खोकं नीट आहे ना?"

"खोकं होतं," निवृत्तीराव म्हणाले, आणि फोन ठेवला.

मग ते पाटासमोर जमिनीवरच बसले. कलाबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला. न उघडलेली वस्तू उघडलेल्या वस्तूपेक्षा मोलाची, हे निवृत्तीरावांच्या डोक्यात शिरत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी वस्तू उघडूनच नीट केल्या होत्या.

आता निदान हळद तरी काढायची. ज्याच्या घरी प्लास्टिकचा डबा आहे, त्याला पुढचं सांगायला नको. साबणाने गेली नाही, लिंबाने गेली नाही, उन्हात ठेवून गेली नाही. धम्मपालने थिनर आणलं. थिनरने हळद गेली नाही, पण वज्रराजाचे डोळे गेले.

"डोळे कुठे गेले?" निवृत्तीराव ओरडले.

"बोळ्यावर आहेत," धम्मपाल म्हणाला. त्याने खरंच कापसाचा बोळा दाखवला.

यानंतर शहाण्या माणसाने लेकीला फोन करून कबूल केलं असतं. पण निवृत्तीरावांना डोळ्यांसमोर आत्याबाई दिसत होत्या. त्यांनी केरातला पुठ्ठा परत काढला, मागून पट्ट्या लावून जोडला, लाल शाईने डोळे काढले. एक डोळा जरा मोठा झाला, त्यामुळे वज्रराज सतत आश्चर्य वाटल्यासारखा दिसायला लागला. मग प्रश्न राहिला सीलचा. गोटीरामांच्या ओळखीचं एक मिठाईचं दुकान होतं, तिथे सुक्यामेव्याच्या खोक्यांना पारदर्शक कागद ताणून बसवायचं गरम हवेचं मशीन होतं. दिवाळीच्या गर्दीत दुकानदाराने दोन्ही खोकी मशीनमधून काढून दिली. कागद असा ताठ बसला, की धम्मपालनेही मान डोलावली. घरी आल्यावर दिसलं, की दुकानदाराने सवयीने दोन्हींवर सोनेरी लेबल चिकटवलं आहे. शुद्ध तुपातील. पंधरा दिवसांत संपवावे.

लेबल ओढलं तर कागद फाटत होता. ते तसंच राहिलं.

पाडव्याला सकाळी तृप्ती, साई आणि भाग्यश्री आले. तृप्तीच्या हातात लहानशी बॅग होती. "उद्या निघायचं आहे बाबा," ती दारातच म्हणाली. "उगाच तुम्हाला त्रास नको." निवृत्तीराव हसले, पण ती बॅग त्यांना आवडली नाही. ती पाहुण्यांची बॅग होती.

तृप्ती नणंदेशेजारी कोचावर अगदी टोकाला बसली. पाणी आणायलासुद्धा ती उठली नाही, बाबांकडे बघत राहिली. आतलं घर आपलं आहे का नाही, हे तिला ठरवता येत नसावं. कलाबाईंनी औक्षण केलं. निवृत्तीरावांनी दोन्ही खोकी पुढे ठेवली.

साईने खोकं दोन्ही हातांनी घेतलं. "बाबा," तो म्हणाला, "तुम्हाला हा... कुठून..." मग त्याने लेबल वाचलं. मग त्याने खोकं उजेडात धरलं. आतून वज्रराज एक डोळा मोठा करून त्याच्याकडे बघत होता. साईचा रंग उडाला. भाग्यश्रीने स्वतःचं खोकं खिडकीशी नेलं, पंखांवरचे डाग बघितले आणि म्हणाली, "हळद आहे. ही निघत नाही. माझ्याकडे रोज असेच पिवळे दात घेऊन पेशंट येतात."

निवृत्तीराव उभे राहिले आणि कारखान्यात अपघाताचा अहवाल देतात तसं त्यांनी सगळं सांगितलं. सील, स्क्रू, शिलाई मशीनचं तेल, खंडेनवमी, थिनर, लाल शाई, मिठाईचं मशीन. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "चूक माझी आहे. तृप्तीला यातलं काही माहीत नव्हतं."

"थिनर?" तृप्ती म्हणाली.

"हो."

"बाबा, प्लास्टिकला थिनर?" ती उठली. "कोणी सांगितलं होतं? धम्मपालकाकांनी ना? दोघांनी मिळून घरातला टेबलफॅन असाच संपवला होता, तरी परत तेच! आणि अंगठ्याने हळद लावतात? आई कशी लावायची बघितलं नाही कधी? चौतीस वर्षं काय करत होतात तुम्ही?" बोलत बोलत ती आत गेली. डब्यांची झाकणं वाजली. "बेसन कुठंय? रवा? बाबा, फराळाचं काय केलंत?"

महिनाभर निवृत्तीराव रोबोंच्या मागे होते. घरात फराळाचा एक कण नव्हता. उटणं नव्हतं. तृप्तीला साडी घेतली नव्हती. दिवाळसणाला ज्या लेकीला बोलावलं, तिच्यासाठी काही घ्यायचं असतं, हे त्यांना आत्ता, या क्षणी आठवलं.

"विसरलो," ते म्हणाले.

तृप्तीने ओढणी कमरेला खोचली. "विसरलो! पाडवा आहे आज! दाराला तोरण नाही, पाहुणे कोरडे बसलेत, आणि या फ्रिजमध्ये हे काय आहे? हे कधीचं आहे? तुम्ही हे खाता? साई, ती बॅग आतल्या खोलीत टाक. उद्या कोणी कुठे जाणार नाही. आठ दिवस मी हे घर बघते आणि मग ठरवते. ताई, तुम्हाला कांदा चिरता येतो ना?"

भाग्यश्री चटकन उठली. नवी भावजय इतकं बोलते, हे तिने पहिल्यांदाच बघितलं होतं. साईने बॅग उचलली, पण जाता जाता तो सासऱ्यांजवळ थांबला. "बाबा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "याचं डोकं छातीत जातं का हो? माझ्याकडे हा कधीच नव्हता. आणि सीलबंद मिळाला असता, तर उघडता आलाच नसता."

"जातं. तेल दिलंय. डावा खांदा आधी फिरवा."

"तिथे काय कुजबुज चाललीय?" आतून आवाज आला. "बाबा, खाली जाऊन बेसन आणा! मैदा नाही, बेसन! एक किलो! आणि तूप!"

निवृत्तीरावांनी पिशवी घेतली आणि जिना उतरले. दारात गोटीराम उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"जावई लय रागावले का?"

"जावई नाही. पोरगी."

"वाईट झालं."

वरच्या गॅलरीत तृप्ती आली. "बाबा! रवा पण! आणि चप्पल कुठली घातलीत? दोन पायांत दोन वेगळ्या आहेत! अहो, बघा तरी खाली!" आजूबाजूच्या दोन्ही बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. गोटीरामांना ओशाळल्यासारखं झालं. ते म्हणाले, "चला लवकर, कोपऱ्यावर गेल्यावर आवाज यायचा नाय."

"येऊ द्या," निवृत्तीराव म्हणाले, आणि अगदी सावकाश चालायला लागले.